गोळीला गुडघा कुठे कळतो?

कफ परेडच्या मच्छीमार नगरातली बाई पहाटे अंधारातच ससून डॉकच्या वाटेला लागते. लिलावात माल घ्यायचा, बर्फात हात घालून म्हावरं निवडायचं, पाटी भरायची आणि मग बाजारात दुपारपर्यंत ठाण मांडून बसायचं. घरी राहिलेल्यांनाही उसंत नसते. बोंबील वलांडीवर टांगायचे असतात, सुकट पसरायची असते, कोळंबी सोलायची असते. बहुतेक सगळं काम उकिडवं बसून किंवा कमरेत वाकून. पुरुष होडीवर जाळी ओढतात. त्यामुळे चाळिशी उलटली की गुडघा, कंबर, मान किंवा बोटांची पेरं यांपैकी काहीतरी बोलू लागतं. दवाखान्यात जायचं तर अर्धा दिवस मोडतो. औषधाचं दुकान मात्र वाटेवरच असतं.

“भाऊ, ती पायदुखीची गोळी द्या.”

“मावशी, नेहमीचीच देऊ की जरा स्ट्राँग?”

दुकानदार पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून देतो. मावशी एक घेते आणि तासाभरात गुडघा हलका होतो. संध्याकाळी सुनेचं डोकं दुखतं, ती त्यातलीच एक घेते आणि तिचं डोकं उतरतं. दुसऱ्या दिवशी मुलाची दाढ ठणकते, त्यालाही तीच लागू पडते. गोळी जाते पोटात. मग गुडघा दुखतोय, डोकं दुखतंय की दाढ, हे तिला कसं कळतं?

तिला ते कळतच नाही. ती रक्तात उतरते आणि रक्त जाईल तिथे जाते: गुडघ्यात, डोक्यात, दाढेत, आणि त्याच वेळी जठरात, मूत्रपिंडात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही. वेदनाशामक गोळ्यांचे सगळे गुण आणि सगळे धोके या एका गोष्टीतून निघतात. ती नीट समजली, तर दुकानात ‘स्ट्राँग’ मागण्याऐवजी नेमकं काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

वेदनेचा निरोप

शरीरात कुठेही इजा झाली, झीज झाली किंवा सूज आली, की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. ही रसायनं त्या जागेच्या मज्जातंतूंना हळवं करतात. एरवी जो स्पर्श जाणवलाही नसता, तो मग ठणका होऊन मेंदूपर्यंत पोचतो. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी झिरपतं, जागा लाल होते, सुजते. मेंदूत हीच रसायनं वाढली की ताप चढतो.

प्रोस्टाग्लँडिन बनवायला एक एन्झाइम लागतं. त्याचं नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे त्याला कॉक्स म्हणतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, असिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी मंडळी हे कॉक्स अडवतात. ॲस्पिरिन १८९९ पासून विकली जात होती, जगभर लोक ती खात होते, पण ती काम कशी करते हे १९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं. त्यासाठी १९८२ चं नोबेल पारितोषिक त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत मिळालं. सत्तर वर्षं वापरात असलेल्या औषधाचं कोडं इतक्या उशिरा सुटावं, याचं मला फार नवल वाटतं. कारण त्या उत्तराबरोबरच पोटातल्या जखमांचंही उत्तर मिळालं.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह

प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखण्यासाठी बनलेली नाहीत. जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट थराचं अस्तर असतं, ते तीव्र आम्लापासून जठराला वाचवतं. ते अस्तर टिकवायला प्रोस्टाग्लँडिन लागतात. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा रक्तदाब घसरला, की मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवायचं काम त्यांचंच. रक्त गोठवण्याच्या आणि ते न गोठू देण्याच्या कामातही त्यांच्या गोतावळ्यातल्या रसायनांचा हात असतो.

आता चाळीतल्या एका खोलीत नळ गळतोय असं समजा. तो नळ सापडत नाही म्हणून कुणी गच्चीवर जाऊन टाकीचा मुख्य व्हॉल्व्हच बंद केला. गळती थांबली, पण त्याबरोबर सगळ्या बिऱ्हाडांचं पाणीही गेलं. तासाभरापुरतं असेल तर कुणाचं अडत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह बंद राहू लागला, तर ज्या बिऱ्हाडात आधीच पाणी कमी येतं तिथे पहिली ओरड होते. कॉक्स अडवणारी गोळी हेच करते.

यावरून काही रूढ समजुती तपासून पाहता येतात. ‘पोटभर खाऊन गोळी घेतली की त्रास होत नाही’ हे अर्धंच खरं आहे. खाल्ल्याने मळमळ, जळजळ कमी होते. पण जठराचं अस्तर मुख्यतः रक्तातून आलेल्या औषधामुळे दुबळं होतं, त्याला जेवण अडवू शकत नाही. म्हणूनच ‘सुई घेतली, म्हणजे पोट वाचलं’ हेही चूक. सोबत घेतलेली गॅसची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, जठराचं रक्षण चांगलं करते आणि ज्यांना दुखण्याची गोळी घ्यावीच लागते त्यांना डॉक्टर ती देतात ते योग्यच. पण मूत्रपिंड आणि हृदय यांना तिचा काहीही उपयोग नाही. गॅसची गोळी घेतली म्हणून निर्धास्त राहून वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅक खाणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील.

पोट वाचवायचा आणखी एक प्रयत्न शास्त्रज्ञांनी करून पाहिला. कॉक्सचे दोन प्रकार आहेत. पहिला जठराच्या रोजच्या राखणीत असतो, दुसरा मुख्यतः सूज आली की जागा होतो. मग फक्त दुसऱ्यालाच अडवणारं औषध बनवलं तर? अशी औषधं आली, त्यातलं रोफेकॉक्सिब फार गाजलं. पोटाला ते खरोखर सौम्य होतं. पण दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं, आणि सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरातून परत घेतलं. भारतानेही त्याच वर्षी त्यावर बंदी घातली. जुनं डायक्लोफेनॅकही या बाबतीत त्याच वाटेचं निघालं. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांचे आकडे एकत्र करून काढलेला अंदाज असा, की हजार माणसं वर्षभर रोज १५० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक घेत राहिली तर त्यातल्या सुमारे तिघांना एरवी आला नसता असा हृदयविकार किंवा तत्सम आघात येतो, आणि त्यातला एक जीव घेतो. नॅप्रॉक्सेनमध्ये हा धोका वाढलेला दिसला नाही, पण जठराला ते जास्त जाचक आहे. दोन दिवसांच्या दाढदुखीसाठी हे आकडे फारसे महत्त्वाचे नाहीत. वर्षभर रोज दोन गोळ्या घेणाऱ्याने मात्र ते लक्षात ठेवावेत.

पॅरासिटामॉलचं वेगळेपण

क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो या नावांनी घराघरात असलेलं पॅरासिटामॉल या कुळातलं नाही. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतं. नेमकं कसं, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. ताप उतरवतं, वेदना कमी करतं, पण सूज जवळजवळ उतरवत नाही. याच कारणाने नेहमीच्या डोसात ते जठराला सोलत नाही, रक्त गोठण्यात अडथळा आणत नाही आणि मूत्रपिंडावर फारसा भार टाकत नाही.

त्याची मर्यादा यकृतात आहे. पॅरासिटामॉल यकृतात मोडताना त्याचा छोटा भाग एका विषारी पदार्थात बदलतो. यकृताकडे तो निकामी करणाऱ्या ग्लुटाथायॉनचा साठा असतो. डोस मर्यादेत असेल तर साठा पुरतो. तो संपला, की विष थेट यकृताच्या पेशी जाळू लागतं. धडधाकट प्रौढासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या किंवा ६५० च्या सहा. आणि ही कमाल आहे, रोज गाठायची नाही. वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोजची दारू असेल किंवा आजारपणात दिवसचे दिवस पोटात अन्न नसेल, तर मर्यादा बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

जास्त गोळ्या गेल्या तर पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, फार तर मळमळतं. यकृताची पडझड एक-दोन दिवसांनी उघड होते. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून चुकून दुप्पट-तिप्पट गोळ्या गेल्याचं कळलं, की लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

पॅरासिटामॉलही अगदी निर्दोष नाही. एडिंबरा विद्यापीठाने २०२२ मध्ये उच्च रक्तदाब असलेल्या ११० जणांवर केलेल्या चाचणीत रोज ४ ग्रॅम घेतल्यावर दोन आठवड्यांत वरचा रक्तदाब सरासरी पाचच्या आसपास वाढला. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियमही भरपूर असतं, हेही रक्तदाबवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

डोंगरवाडीवरची गिधाडं

कफ परेडहून काळा घोड्याकडे गेलं की लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस लागतं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हे घर. वेदनाशामकाने केलेल्या एका मोठ्या अनर्थाची कहाणी या संस्थेशी जोडलेली आहे.

नव्वदच्या दशकात भारतभर गिधाडं मरू लागली. सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या अभयारण्यात ही घट नोंदवली. फांद्यांवर मान टाकून बसलेली गिधाडं, झाडांखाली पडलेले मृत पक्षी, रिकामी घरटी. मलबार हिलवरच्या डोंगरवाडीत, जिथे पारशी समाज आपले मृत गिधाडांच्या स्वाधीन करत आला, तिथेही ती येईनाशी झाली आणि सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवायची वेळ आली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. आधी एखाद्या विषाणूचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या संशोधनातून खरा दोषी समोर आला, तो म्हणजे डायक्लोफेनॅक.

गुरं लंगडू लागली, त्यांच्या कासेला सूज आली, की त्यांना हे औषध दिलं जाई. ढोर मेलं तर गिधाडं त्यावर उतरत आणि मांसात उरलेलं औषध त्यांच्या पोटात जाई. गिधाडांच्या शरीराला ते पचवता येत नाही. त्यांची मूत्रपिंडं बंद पडत, रक्तात यूरिक ॲसिड साचे, आणि शवविच्छेदनात काळीज-यकृतावर पांढऱ्या खडूसारखा थर दिसे. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका डोसापुरतं केलं गेलं. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. त्यांच्याच वर्गातलं मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित निघालं.

माणसाचं मूत्रपिंड गिधाडाएवढं नाजूक नाही. तरी एकच औषध गाईला सोसतं आणि गिधाडाला मारतं, तसा माणसामाणसांतही फरक असतो. तिशीतला धडधाकट खलाशी आणि मधुमेह व रक्तदाब असलेली त्याची पासष्टीची आई यांची मूत्रपिंडं सारखी नसतात. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल, तिच्यासोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, हे त्रिकूट एकत्र आलं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त तिन्ही बाजूंनी कमी होतं. आज घरोघरी टेल्मिसार्टन असते, म्हणून हा धोका मला पोटातल्या जखमेइतकाच मोठा वाटतो. आणि खलाशीही उन्हात दिवसभर घाम गाळून पुरेसं पाणी न पिता जाळी ओढत असेल, तर त्या दिवसापुरता तोही आईच्याच रांगेत येतो.

मग जास्त गुणकारी कोणती?

तुलनेचे आकडे चांगले उपलब्ध आहेत, ते शस्त्रक्रियेनंतरच्या तात्पुरत्या वेदनेवरचे. औषध नसलेली गोळी दिलेल्यांपेक्षा शंभरात किती जास्त लोकांची वेदना निम्म्याने उतरली, असं मोजलं जातं. पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅमने साधारण २८ जणांची, ॲस्पिरिन ६०० ने २४ च्या आसपास, आयबुप्रोफेन ४०० ने ४० जणांची. गंमत पुढे आहे. आयबुप्रोफेन फक्त २०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र दिलं, तर हा आकडा साठच्या वर जातो. दोघांचे रस्ते वेगळे असल्याने कमी डोसात जास्त काम होतं. दाढदुखी, मुरगळ, ताजा मार यांसाठी, मूत्रपिंड-पोट-हृदय ठीक असलेल्या माणसाला दोन-तीन दिवस ही जोडी उत्तम आहे.

पण ‘दुखणं’ ही एकच गोष्ट नव्हे. साध्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल जवळजवळ निरुपयोगी ठरलं: ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी घेणारे सतरा दिवसांत बरे झाले आणि औषध नसलेली गोळी घेणारे सोळा. मासिक पाळीच्या कळा प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतात, म्हणून तिथे मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन सरस ठरतात. मात्र मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित अंगभर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी तीव्र प्रतिक्रिया येते. भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस तसा इशारा दिला आहे. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, कॉक्स अडवणाऱ्या गोळ्या टाळायच्या.

मावशींच्या झिजलेल्या गुडघ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात मलमाने करावी. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यावर किंवा बोटांच्या पेरांवर लावलं, तर औषध सांध्यापर्यंत पोचतं आणि गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणजे गच्चीवर न जाता त्या खोलीतलाच नळ बंद केल्यासारखं. दिवसातून तीन-चार वेळा, नियमाने, आठवडाभर तरी लावून पाहावं. एकदा चोळून ‘काही फरक नाही’ म्हणू नये. कंबर आणि खुब्याचा सांधा खोल असतो, तिथे जेलचा उपयोग कमी. बामचं काम निराळं आहे. १८९३ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या अमृतांजनपासून आजच्या फवाऱ्यांपर्यंत बहुतेकांत कापूर, पुदिन्याचं सत्त्व किंवा गंधपुऱ्याच्या तेलातलं सॅलिसिलेट असतं. ते त्वचेवर थंड-गरम जाणीव उठवून वेदनेवरचं लक्ष हटवतं. आराम खरा असतो, पण थोडा वेळ टिकतो. बाम लावलेल्या जागी शेक घेऊ नये, कातडी भाजते.

आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ करून काही क्षण धरायचा, सोडायचा. झिजलेल्या गुडघ्यावर याला गोळीइतकाच भरवशाचा पुरावा आहे आणि याने कुठल्याच अवयवाचं नुकसान होत नाही. उकिडवं बसण्याऐवजी ठेंगणं स्टूल घेता आलं तर तेही औषधच.

पावसाळ्यातला ताप

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात, आणि शहरात ताप सुरू होतात. अंग मोडून येतं, डोळ्यांमागे ठणकतं, आणि माणूस ‘अंगदुखीची’ गोळी मागतो. ताप डेंगीचा असेल तर रक्तातल्या प्लेटलेट आधीच घटत असतात. ॲस्पिरिन प्लेटलेटचं काम आठ-दहा दिवसांसाठी बंद करते, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक काही तासांसाठी. परिणाम रक्तस्रावात होऊ शकतो. लेप्टोस्पायरोसिसच्या तापात मूत्रपिंडांवरच घाला असतो. त्यामुळे पावसाळ्यातल्या कुठल्याही तापात निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, यात तडजोड नको. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन कधीच द्यायची नाही, आणि निमेसुलाइड या वेदनाशामकावर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे.

कापलेली पट्टी

दुकानात दहा गोळ्यांची पट्टी चार-चारने कापली जाते. नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर. गिऱ्हाईकाच्या हातात येतो चंदेरी कागदाचा निनावी चौकोन. तो बटव्यात पडून राहतो, महिन्याने कुणीतरी ‘डोक्याची असेल’ म्हणून घेतं. म्हणून कापून घेताना नाव आणि मुदत असलेला तुकडा मागावा, किंवा अख्ख्या पट्टीचा फोनवर फोटो काढून ठेवावा. ही एवढी सवय लागली तरी निम्मे घोळ टळतील.

आपल्या औषध कायद्यात चिठ्ठीविना विकायच्या औषधांचा स्वतंत्र वर्ग नाही. काही औषधं अनुसूची ‘एच’मध्ये आहेत, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. डायक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड त्यातच येतात. पट्टीवर तसा इशारा छापलेला असतो, पण व्यवहारात ती टॉफीसारखी मिळतात. चिठ्ठी लागत नाही म्हणून मिळाली असं समजू नये. कुणी मागितली नाही म्हणून मिळाली.

पट्टीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधांची खरी नावंही असतात. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफिनाझोन आणि कॅफीन. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. ताप-सर्दी-अंगदुखी एकदम झालेला माणूस तीन वेगळ्या गोळ्या घेतो आणि तीन ठिकाणांहून पॅरासिटामॉल खातो. अशा मिश्रणांवर सरकार अधूनमधून बंदी आणतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलेल्या १५६ मिश्रणांत असिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ची गोळीही होती.

हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. ते ॲस्पिरिनच्या जागेवर आधी जाऊन बसतं आणि तिचं संरक्षण निकामी करू शकतं.

> गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे
> शौचाला डांबरासारखं काळं होणं किंवा उलटीत रक्त. लघवी कमी होणं, पाय किंवा चेहरा सुजणं. डोळे पिवळे दिसणं. अंगावर पुरळ आणि सोबत ताप. दम लागणं, छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं.
> दुखण्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायात बधिरपणा आला किंवा मान ताठली, तर गोळीने ते झाकू नये.

रोजची गोळी

१९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की मूत्रपिंडं सुकत गेलेले बरेच रुग्ण वर्षानुवर्षं डोकेदुखीची पूड किंवा गोळी रोज घेत होते. त्यांत घड्याळांच्या कारखान्यांतले कामगार होते. बारीक काम तासन्‌तास जमावं म्हणून ते गोळी घेत. त्यात फेनॅसिटिन होतं. एपीसी नावाची मिश्र गोळी आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवत असेल, तिच्यातलं ‘पी’ म्हणजे हेच. फेनॅसिटिन पुढे बंद झालं. काम निभावण्यासाठी गोळी घेण्याची गरज मात्र तशीच राहिली, आणि पाटी उचलायच्या आधी गोळी घेणाऱ्या बाईला दोष देता येणार नाही. तिचा रोजगार त्या दिवसाच्या गुडघ्यावर असतो.

तिने दोन गोष्टी मात्र जाणून घ्याव्यात. पहिली, डोकेदुखीची गोळी स्वतःच डोकेदुखी निर्माण करू शकते. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीनसारखं काही मिसळलेली मिश्र गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर मेंदूला तिची सवय लागते आणि परिणाम उतरला की डोकं पुन्हा दुखतं. माणूस पुढची गोळी घेतो आणि चक्र चालू राहतं. उपाय म्हणजे गोळी थांबवणं. पहिले काही दिवस जड जातात, म्हणून ते डॉक्टरांच्या मदतीने करावं.

दुसरी, महिनोन्‌महिने गोळी घेत असणाऱ्याने वर्षातून एकदा तरी रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड कळतं. हिमोग्लोबिन हळूहळू घसरत असेल तर जठरातून थेंबथेंब रक्त जात असू शकतं, तेही पोटात अजिबात न दुखता. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात या तपासण्या अत्यल्प खर्चात होतात.

नाव न सांगता मिळणारी पुडीतली गोळी आणि ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून विकली जाणारी निनावी चूर्णं यांपासून दूर राहावं. अशा काही चूर्णांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत अंग हलकं होतं, भूक वाढते, काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एका दिवशी झटक्यात बंद करू नये. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं आणि अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावं, ते डोस हळूहळू उतरवतात. कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर तो देशाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कळवता येतो. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, पट्टीवरचं नाव तेवढं जवळ असावं लागतं.